दोन स्मॅशर आणि एक काळी फरशी

गेल्या वर्षी महिनाभर आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच भांडण चाललं होतं. फौजी थोर की गलाईवाला थोर? ज्यांनी दोघांपैकी एकालाही उडी मारताना पाहिलेलं नाही, अशी पोरं दिवसभर टाइप करत होती. कुणी म्हणे, फौजीचा स्मॅश पडला की जमिनीत खड्डा व्हायचा. कुणी म्हणे, गलाईवाला एकीकडे बघायचा आणि दुसरीकडे मारायचा. सगळी माहिती बापांकडून ऐकलेली आणि बापांनी तिखटमीठ लावून सांगितलेली. मी सकाळी चष्मा लावून ते वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो. साठी ओलांडल्यावर माणूस कामानं कमी आणि दुसऱ्यांच्या उत्साहानं जास्त दमतो, असा माझा अनुभव आहे.

भांडणाचं कारण साधं होतं. मैदानाला लागून मंडळानं नवा हॉल बांधला होता. त्याच्या दर्शनी भिंतीत एक काळी फरशी बसवायची आणि तिच्यावर गावच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या स्मॅशरचं नाव कोरायचं, असं ठरलं होतं. फरशी एक, नाव एक. "दोन घातली की चार जण मागाय येत्यात," असं मंडळाचे चेअरमन म्हणाले, आणि तेवढं मात्र ते खरं बोलले.

आमचं गाव विट्यापासून बसनं अर्ध्या तासावर. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर गलाईत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यापायी आमच्याकडची माणसं देशभर पांगली आहेत. व्हॉलीबॉलचं वेड गावात आणलं ते सुट्टीवर येणाऱ्या फौजींनी. त्यांनी दोन बांबू रोवले, नेट बांधलं, आणि आम्ही पोरं त्याखाली मोठी झालो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पलीकडून आलेला चेंडू पहिला माणूस घेतो. दुसरा तो नेटजवळ उंच उचलून देतो. तिसरा उडी मारून तो पलीकडे हाणतो. तिसरा तो स्मॅशर, टाळ्या त्याला. दुसरा तो लिफ्टर. त्याच्याकडे लिफ्ट चुकली तरच लोक बघतात. मी लिफ्टर होतो. पुढे इस्लामपूरला एका हायस्कुलात खेळाचा मास्तर झालो, नोकरीभर शिट्टी फुंकली, आणि रिटायर होऊन गुडघे घेऊन गावी परत आलो.

चेअरमन एका सकाळी दारात उभे राहिले. "मास्तर, दोघांलाबी लिफ्ट दिलेला मानूस तुमीच. मंडळानं ठरीवलंय, निवाडा तुमी करायचा. एक पान लिवून द्या, त्याच्यावर आमी सह्या ठोकतो."

"मी फौजीचा चुलतभाऊ आहे. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"लोक काय बी म्हंत्यात. तुमी लिवा."

म्हणजे शिव्या खायला माणूस हवा होता, आणि रिकामटेकडा मास्तर आयता सापडला. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून हो म्हटलं.

मंडळाचा नियम असा होता. ज्याच्याकडे राज्य पातळीचं किंवा त्यावरचं प्रमाणपत्र असेल तो पात्र. नाहीतर दहा वेळा यात्रेच्या सामन्यांत 'उत्कृष्ट स्मॅशर' ठरल्याचा पुरावा दाखवील तो पात्र. फौजी पहिल्या अटीत बसत होता. तो खेळाच्या जोरावर भरती झाला, रेजिमेंटकडून खेळला, मग त्याच्याही वरच्या संघात गेला. त्याच्याकडे प्लास्टिकच्या कप्प्यांची एक फाइल आहे. तो रिटायर होऊन गावातच राहतो, पहाटे पळायला जातो आणि परतताना माझ्या फाटकाशी थांबून चहा घेतो. त्या महिन्यातही तो रोज थांबला. फरशीबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त एकदा कप खाली ठेवताना म्हणाला, "टाइम लागंना का, पर रेकॉर्ड बगूनच लिव हं." त्याला ते नाव हवं होतं, आणि का नसावं? त्यानं घाम गाळला होता.

गलाईवाल्याचा फोन आला तो एका दुपारी. तो तमिळनाडूत एका शहरात असतो. विशीत गेला, तो तिथलाच झाला. आमच्यात आडपडदा नाही, पण त्या दिवशी त्यानं पाऊसपाणी, ऊस, माझे गुडघे असं सगळं विचारून झाल्यावर मुद्द्याला हात घातला.

"गड्या, मी कदी कुणाला काय मागितलं न्हाई. ह्ये मागतो. हितं दुकानावर माजं नाव हाय, पर ते हितल्या लिपीत. पोराला वाचाय येतंय, मला अजून येत न्हाई. गावात घर हाय, त्याला कुलूप. एवडं आयुष्य गेलं, कुटंच ऱ्हायलो न्हाई असं वाटतंय बग. निदान नाव तरी गावात उघड्यावर ऱ्हाऊ दे."

"पुरावा आहे का तुझ्याकडे? दहा वेळांचा?" मी मास्तरासारखं विचारलं.

तो हसला. "भांड्यांवर हाय की सगळा."

तेही खरंच होतं. आमच्या वेळी यात्रेच्या सामन्यांत प्रमाणपत्रं कुणी देत नसे, आणि कप तर नाहीच. "कप काय चाटायचाय?" असं कमिटीतली म्हातारी माणसं म्हणायची. विट्याच्या बाजारातून घागरी, कळशा, पराती, डबे आणायचे. मॅच संपली की भांडेवाल्याचा माणूस तिथंच मांडी घालून बसायचा आणि ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव ठोकायचा. गावाचं नाव, साल, 'उत्कृष्ट स्मॅशर', आणि मग खेळणाऱ्याचं नाव. गलाईवाला तिकडे गेला तरी दरवर्षी यात्रेच्या पंधरवड्यात हमखास यायचा. दोन दिवस रेल्वेत बसून यायचा, भट्टीनं भाजलेल्या हातांनी खेळायचा, एखादं भांडं जिंकायचा आणि परत जायचा. आता ही भांडी कुठं आहेत ते त्यालाही धड माहीत नव्हतं.

दोघांची तुलना मी मनात केली नव्हती असं नाही. फौजीचा स्मॅश सरळ आणि जड. रेषेच्या कडेनं यायचा आणि समोरच्याला हात घालायची छाती व्हायची नाही. गलाईवाल्याला तेवढी ताकद नव्हती, पण मनगट होतं. हवेत वर गेल्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा दिसायचा, पलीकडची माणसं खाली यायला लागली की मारायचा. फौजी मोठ्या मैदानांवर खेळला, त्याला सराव होता, खुराक होता, पगारी लिफ्टर होता. गलाईवाला वर्षातले पंधरा दिवस खेळला, तेही त्यातले तीन दिवस प्रवासानं अंग दुखत असताना. पण त्या पंधरा दिवसांत त्याच्यासमोर उभे असायचे ते सुट्टीवर आलेले फौजीच की! मग मोठं काय? मोठ्या मैदानावर सतत चांगलं खेळणं, की कुणीही मागितलेलं नसताना दरवर्षी दोन दिवसांचा प्रवास करून येणं? माझं मत एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे. आणि हे सगळं ठरवायच्या आधी गलाईवाला पात्र तरी ठरायला हवा होता.

म्हणून मी भांडी शोधायला निघालो. या वयात, या गुडघ्यांनी. बायको म्हणाली, "आवं, कुणाच्या घरात शिरून भांडी उपडी करत फिरणार? लोक म्हंतील, मास्तरांनी मोडीचा धंदा काडला."

शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन आधी त्याचं गावातलं कुलूपबंद घर उघडलं. फडताळात चार भांडी निघाली. एक परात, दोन कळशा, एक डबा. डब्यात उंदरांनी पोत्याच्या चिंध्या भरल्या होत्या. चारही भांड्यांवर नाव शाबूत. मी फोनमध्ये फोटो काढले, आणि धूळ खाऊन दोन दिवस शिंकत होतो.

मग इस्लामपूर. तिथं त्याची थोरली बहीण असते. बहिणींच्या लग्नात त्यानं जिंकलेली भांडी रुखवतात मांडली होती, हे तिनंच सांगितलं. घरात लग्न निघालं की नवं पितळ कशाला घ्यायचं, भावाचं आहेच. तिनं माळ्यावरून तीन भांडी काढून दिली. दोन ठीक होती. तिसऱ्या घागरीवर काहीच दिसेना. चिंच आणि राख लावून घासून घासून अक्षरं पार गुळगुळीत झाली होती. मी तोंड वाकडं केलं असावं, कारण ती एकदम उसळली.

"मास्तर, आमी रोज घासतोय. भावाचं नाव झिजतंय म्हणून भांडं पारोसं ठिवायचं व्हय?"

मग तीच आत गेली आणि चिमूटभर तांदळाचं पीठ घेऊन आली. ओल्या बोटानं तिनं ते घागरीवर चोळलं आणि पदरानं वरचं पुसून घेतलं. ठिपक्यांमध्ये पीठ अडकलं आणि पांढरं नाव वर आलं. साल, गाव, उत्कृष्ट स्मॅशर. बाईनं नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "पंदरा वर्सं झाली मोडीत घालीन घालीन म्हंते. बरं झालं घातली न्हाई."

सात झाली. आटपाडीच्या बसमध्ये मला जागा मिळाली ती मागच्या चाकावर. खड्डा आला की मणका टाळूपर्यंत यायचा. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता, खरं सांगतो. फरशीचा, मंडळाचा, भांड्यांचा. पण माझ्या आत एक जुनी गोष्ट होती, आणि ती मला घरी बसू देत नव्हती.

आटपाडीच्या पुढच्या वाडीवर त्याची धाकटी बहीण राहते. तिच्या दारात टँकरच्या पाण्यासाठी भांडी रांगेनं लावून ठेवली होती, आणि त्यात दोन पितळी घागरी तिच्या होत्या. दोन्हींवर नाव. ती म्हणाली, "नाव घाटलेली घागर बरी असती. रांगंत कुणी बदलत न्हाई." तिनं मला भाकरी आणि कांद्याची चटणी वाढली. मी दहाव्या भांड्याचं विचारलं तेव्हा ती बोटं मोजत आठवू लागली.

"एक आनखी हुती. मोटी. पयल्यांदा तिकडनं आला त्या सालची. पर ती घरात आलीच न्हाई. कुनाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. आय लय बोलली त्येला. पयली जिंकलेली वस्तू कोन देतंय का?"

"कुणाच्या लग्नात?"

"आता कुनाच्या ते काय सांगू? मी लान हुते."

नऊ. एकानं राहिलं. परतीच्या बसमध्ये मी त्या सालच्या गावातल्या सगळ्या लग्नांची यादी करत बसलो. अर्धी माणसं वर गेलेली, उरलेली पुण्या-मुंबईला. घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हातपाय धुतले आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं ती माझ्याकडे लग्नापासून बघत आली आहे, आणि स्वयंपाकघरात गेली. पिण्याच्या पाण्याची घागर तिनं हंड्यात रिकामी केली, उपडी करून माझ्यासमोर ठेवली.

"कुनाच्या म्हंजे? आपल्या. आजवर ह्यातलंच पानी पिताय."

"तू आधी का नाही बोललीस?"

"तुमी सगळ्या बायकांला इचारत फिरला. मला इचारलंत का?"

घागरीच्या काठाखाली नेहमीची सुबक अक्षरं होती. गाव, साल, उत्कृष्ट स्मॅशर, त्याचं नाव. आणि बुडाला, जिथं घागर टेकते तिथं, वाकड्यातिकड्या अक्षरांत आणखी काही ठोकलेलं होतं. ते भांडेवाल्याचं काम नव्हतं. त्यानं स्वतःच कुठंतरी बसून खिळ्यानं ठोकलं असणार. मला पीठ लावावं लागलं नाही. 'निम्मी लिफ्टरची.'

मी खाली बसलो. बायकोला वाटलं गुडघा धरला. तिला तेव्हा मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

ती घागर जिंकली त्याच्या आदल्या वर्षीची यात्रेची फायनल. शेजारच्या गावचे एक सुभेदार मैदानाकडेला खुर्ची टाकून बसले होते. आपल्या युनिटसाठी ते एक स्मॅशर बघायला आले होते. एकच. त्या सकाळी फौजीचे वडील, म्हणजे माझे चुलते, मला गोठ्यात गाठून म्हणाले, "घरचं पोरगं हाय. ध्यान ठिव." एवढंच म्हणाले. मी ध्यान ठेवलं. सबंध मॅचमध्ये मी झाडून सगळे चेंडू डावीकडे फौजीला दिले. उजवीकडे गलाईवाला प्रत्येक चेंडूला धावत यायचा, पूर्ण उडी मारायचा, हात मागे खेचायचा, आणि चेंडू त्याच्याकडे जायचाच नाही. पलीकडचे दोघं ब्लॉक घ्यायला, म्हणजे नेटवर हात उभे करून चेंडू अडवायला, दर वेळी त्याच्याबरोबर उडायचे, कारण त्यांना तोच माहीत होता. आणि इकडे फौजी मोकळ्या नेटवर हाणत होता. सुभेदारांनी जाताना फौजीची पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात तो भरतीला गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात गलाईवाला ओळखीच्या एकाबरोबर तमिळनाडूला गेला. वर्षानं यात्रेला आला, घागर जिंकली, आणि माझ्या लग्नात आणून दिली. आहेराच्या ढिगात मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

बायकोनं घागर घासली, भरली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला. भट्टीचा आवाज येत होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चुलत्यांचं, गोठ्याचं, डावीकडच्या चेंडूंचं.

"मला तवाच कळलं हुतं रं," तो म्हणाला. "दुसऱ्या-तिसऱ्या लिफ्टलाच."

"मग उड्या कशाला मारत राहिलास?"

"म्हंजे? मी उडालो नसतो तर ब्लॉक त्याच्यावर गेला असता. मॅच गेली असती की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "बरं ऐक. ती घागर मीटिंगला न्हेऊ नगंस. आहेर हाय तो. दिलेला आहेर चारचौगांत काडून दाखवत न्हाईत. नवात काय हुतंय का बग. नसंल तर ऱ्हाऊ दे."

मी बरं म्हटलं. नऊ म्हणजे अपात्र, हे मला मास्तर म्हणून ठाऊक होतं. गप्प बसलो असतो तर त्याचं ऐकल्यासारखं झालं असतं, आहेराची अब्रू राहिली असती, फौजी रोज चहाला येत राहिला असता. सगळं सोयीचं. आणि चेंडू दुसऱ्यांदा डावीकडे गेला असता. मला स्वतःची किळस आली.

रविवारी सकाळी मीटिंग होती. हॉलला नव्या रंगाचा वास मारत होता. मी पिशवीतून घागर काढून टेबलावर ठेवली. फौजी आपली फाइल मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसला होता.

"ही तर तुमच्या घरातली," चेअरमन म्हणाले. "निवाडा तुमचा, पुरावाबी तुमचाच?"

"म्हणूनच कुठून आली ते सांगतो," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सुभेदारांची खुर्ची, गोठा, उजवीकडच्या रिकाम्या उड्या. सांगताना मी फौजीकडे बघितलं नाही. वर्गात खोटं बोलणारी पोरं मी हजारदा पाहिली आहेत. खरं बोलणाराही नजर चुकवतो, हे त्या दिवशी कळलं.

फौजी उठला. त्यानं घागर उचलली, फिरवली, उपडी केली आणि बुडावरची अक्षरं वाचली. दोनदा वाचली असावीत.

"म्हंजे माजी नोकरी तुमच्या दोगांच्या मेहेरबानीची," तो म्हणाला.

"तसं नाही. पुढचं सगळं तुझं तू मिळवलंस."

"मग ह्या फाइलीत कुनाचं निम्मं लिवलंय? वाच की, मास्तर."

त्यानं फाइल टेबलावर माझ्यापुढं सारली. मी ती उघडली नाही. तो म्हणाला, "त्याचं नाव घाला," आणि निघून गेला. फाइल तिथंच राहिली. ती चेअरमननी नंतर त्याच्या घरी पोचवली. मी एक पान लिहून दिलं, त्यावर सह्या झाल्या. ग्रुपवरच्या पोरांनी दोन दिवस मला भाऊबंदकी विसरलेला मास्तर म्हटलं, नंतर क्रिकेट सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा टाकला. फौजी पळत गेला, पण फाटकाशी थांबला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं रस्ताच बदलला. मी एकावरचा अन्याय निवारायला गेलो आणि दुसऱ्याचं सबंध आयुष्य चारचौघांत उपडं करून दाखवलं. त्याला एकट्याला आधी सांगता आलं असतं. ते सुचलंच नाही. आयुष्यभर लिफ्ट देऊनही दोन्ही बाजूंना एकदम बघणं मला जमलेलं नाही.

फरशी बसवली त्या दिवशी गलाईवाला आला. दोन दिवस रेल्वेत बसून, नेहमीसारखा. केस पांढरे, छाती आत गेलेली, ॲसिडच्या धुरानं आवाज घोगरा. नारळ फुटला, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर तो फरशीजवळ गेला आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"बारीक कोरलंय रं," तो म्हणाला आणि रुमाल शोधू लागला. मग म्हणाला, "फौजी कुटाय?"

"आला नाही. माझ्याशी बोलत नाही तो."

त्यानं घागरीचं विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. ते त्याला चेअरमननी कळवलं असणारच. तो तडक फौजीच्या घराकडे गेला. मी हॉलच्या पायरीवर बसून राहिलो. दोघं दुपारभर काय बोलले मला माहीत नाही. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलवावं असं मी काही केलंही नव्हतं.

चारच्या सुमारास घरापुढं मोटारसायकल थांबली. गलाईवाला मागून उतरला. फौजी त्याला विट्याच्या स्टँडवर सोडायला निघाला होता. त्यानं इंजिन बंद केलं नाही, मान वळवली नाही. गलाईवाला आत आला, थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"वैनी, तांब्याभर पानी द्या. त्या घागरीतलं."

तो उभ्यानंच प्यायला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "आहेर दाकवायचा नव्हता रं." मी मान खाली घातली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तळव्याची कातडी अजून तशीच खरखरीत.

"त्याचं इंजिन चालूच आहे," मी म्हटलं. "आत यायला सांग की त्याला."

"न्हाई यायचा. त्याला येळ दे," तो म्हणाला. "आयुष्यात पयल्यांदा त्याच्यावर ब्लॉक आलाय."

तो जाऊन मागे बसला आणि गाडी निघाली. मी पहाटेचा चहा अजून दोन कपांचा टाकतो.